रेषेची रोजकीर्द

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या आणि आता पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांपुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन चित्रकला-परीक्षांची नावे काढावीत. त्यांच्या चेहऱ्यावर हमखास एक ओळखीचे स्मित उमटते. पॅडला चिमट्याने अडकवलेला ड्रॉईंग पेपर, डब्यातले गढूळ होत जाणारे पाणी, बाटलीवर तांब्या की तांब्याशेजारी बाटली असा वस्तुचित्राच्या मांडणीचा घोळ आणि स्मरणचित्राच्या पेपरात आलेला बाजाराचा किंवा बसथांब्याचा प्रसंग. मिळालेली श्रेणी बहुतेकांना आजही आठवते. त्यानंतर काढलेले चित्र मात्र आठवत नाही, कारण ते काढलेलेच नसते. दहावीचे वर्ष येते, पुढे नोकरी, बदल्या, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणे. रंगपेटी माळ्यावर जाते ती जातेच.

ती खाली काढण्याचा योग पुष्कळांच्या बाबतीत निवृत्तीनंतर येतो. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा पन्नाशीच्या आसपासची अनेक माणसे हाताशी भरपूर वेळ घेऊन घरी बसली. त्यांतल्या काहींनी पेटी-तबला धरला, काहींनी बागकाम, तर काहींनी पेन्सिल. आजही दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी इंदूरला, वडोदऱ्याला, हैदराबादला किंवा पुण्याच्या एखाद्या पेठेत चित्रकलेच्या वर्गात नाव घालतोच. पहिला महिना आनंदाचा जातो. तांब्या जमतो, केळीचे पान जमते, खिडकीतली कुंडी जमते. मग शिक्षक सांगतात, आता समोर बसलेला माणूस काढा. आता बाहेर जाऊन रस्ता काढा. मानवाकृती आणि यथार्थदर्शन या दोन घाटांवर निम्म्याहून अधिक गाड्या थांबतात. "हात वळत नाही", "आता या वयात काय" अशी कारणे दिली जातात आणि वही बंद होते.

हे थांबणे प्रगती न झाल्यामुळे होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रगती झालेली असते; ती दाखवणारा कागद मात्र शिल्लक नसतो. बिघडलेले चित्र फाडून टाकायचे ही सवय शाळेपासून लागलेली. जे चांगले वाटले ते कुणाला तरी भेट दिलेले. उरलेल्या पानांवर तारीख नाही. पस्तीस वर्षे पैशापैशाचा ताळा जमवून मगच घरी जाणारा माणूस स्वतःच्या रेषेची मात्र एक नोंद ठेवत नाही, हा विरोधाभास गमतीचा खरा, पण त्याची किंमत मोठी आहे. ज्या आठवड्यात माणूस निराश होऊन वही मिटतो, नेमक्या त्याच आठवड्यात जुने पान शेजारी ठेवले असते तर तो थांबला नसता.

याचे कारण शिकण्याच्या स्वभावातच आहे. चित्र शिकताना डोळा आणि हात बरोबरीने चालत नाहीत. डोळा पुढे जातो, हात मागून येतो. पहिल्या महिन्यात काढलेल्या चेहऱ्यात डोळे कपाळाला टेकलेले असतात, तरी काढणाऱ्याला ते खटकत नाहीत. चौथ्या महिन्यात डोळे थोडे खाली आलेले असतात, पण आता त्याला कळलेले असते की, डोळ्यांची रेषा डोक्याच्या एकूण उंचीच्या साधारण निम्म्यावर असते. म्हणून चित्र पूर्वीपेक्षा बरे असूनही त्याला ते अधिक वाईट दिसते. मोजणारी पट्टीच लांब झालेली असते. स्वतःच्या आठवणीवर विसंबून प्रगती ठरवणाऱ्याला म्हणूनच नेहमी खोटे उत्तर मिळते. पूर्वीचे चित्र त्याला तेव्हाच्या डोळ्यांनी आठवते आणि आजचे तो आजच्या डोळ्यांनी पाहतो. दोन्ही कागद एकाच वेळी, एकाच डोळ्यापुढे आले तरच तुलना होते.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे नाव निघाले की पिवळी सूर्यफुले आणि कापलेला कान यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. परंतु उशिरा शिकू लागलेल्या माणसाने वाचावीत अशी त्याची वर्षे वेगळीच आहेत. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियममधील कोळशाच्या खाणींच्या मुलखात राहत असताना त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. त्यापूर्वी चित्रविक्रीच्या दुकानातील नोकरी, शिक्षकी, पुस्तकविक्री आणि धर्मप्रचार अशा सगळ्या वाटा चालून झाल्या होत्या. हात तयार नव्हता. त्या काळातील त्याची खाणकामगारांची चित्रे पाहिली तर माणसे लाकडी, ताठर आणि परस्परांशी संबंध नसलेली दिसतात. त्याने शार्ल बार्ग याच्या चित्रपाठांची मागणी केली आणि त्यातील कोळशाने करावयाच्या साठ पाठांच्या प्रती एकामागून एक उतरवल्या. शरीररचनेचे आणि यथार्थदर्शनाचे ग्रंथ मिळवले. पुढल्या वर्षी एटेन या गावी आईवडिलांकडे राहताना त्याने भाऊ थिओ याला कळवले की, फावड्याने खणणारा शेतकरी आपण पाच वेळा काढला आहे, पेरणारा दोनदा, झाडू हाती घेतलेली मुलगी दोनदा. हा तपशील लहान आहे, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे. नवी नवी पाच चित्रे काढली असे तो म्हणत नाही. एकच माणूस पाच वेळा काढल्याचे सांगतो.

थिओ दरमहा पैसे पाठवी आणि व्हिन्सेंट पत्रे पाठवी. त्याची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतील बरीच थिओला लिहिलेली आहेत. अनेक पत्रांत चालू कामाची छोटी रेखाटने काढलेली दिसतात: काय करतो आहे, कुठे अडले आहे, काय सुधारले आहे. भावाच्या पैशाचा विनियोग कसा होतो आहे याचा तो हिशेबच होता. आणि तो लिहिता लिहिता व्हिन्सेंटने स्वतःच्या शिकण्याची जगातील सर्वांत तपशीलवार नोंदींपैकी एक नोंद मागे ठेवली. कोणत्या महिन्यात हात जमू लागले, कोणत्या महिन्यात रस्ता आडवा पडू लागला हे तारीखवार सांगता येईल असे चित्रकार फार थोडे आहेत.

१८८२ च्या वसंतात त्याच्या काकांनी त्याच्याकडून हेग शहराच्या दृश्यांची बारा छोटी रेखाटने मागवली. दर नगास अडीच गिल्डर. ही त्याची पहिली व्यावसायिक मागणी, आणि ती नेमकी यथार्थदर्शनाची होती. गल्ल्या, पूल, वखारी, कुंपणे. त्याच उन्हाळ्यात त्याने एक चौकट तयार करवून घेतली. दोन खुंट्या, त्यांवर वरखाली सरकवता येणारी लाकडी चौकट, आणि चौकटीत उभे, आडवे व तिरपे ताणलेले दोरे. खुंट्या वाळूत रोवता याव्यात म्हणून लोहाराकडून त्यांना लोखंडी टोके बसवली. शेव्हनिंगनच्या समुद्रकिनारी ही चौकट रोवून तिच्यातून तो नौका आणि वाळवंट पाही आणि दोऱ्यांच्या आधाराने कागदावर रेषा टाकी. या उपकरणाचे चित्र त्याने पत्रात काढून भावाला पाठवले. कल्पना त्याची नव्हती. इटलीत आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवरील ग्रंथात दोऱ्यांच्या जाळीचा पडदा वर्णिला होता आणि जर्मनीत ड्यूररने १५२५ मधील आपल्या ग्रंथात अशा साधनांची चित्रे छापली होती. व्हिन्सेंटने केले ते एवढेच की, स्वतःच्या अंदाजावर भरवसा न ठेवता तो तपासण्याची सोय केली. पुढे काही वर्षांनी त्याला या चौकटीची गरज क्वचितच भासू लागली. प्रगतीचे यापेक्षा स्वच्छ माप दुसरे सांगता येणार नाही.

या उदाहरणातून मानवाकृती आणि यथार्थदर्शन यांच्या नोंदीबाबत एक भेद लक्षात येतो, आणि वर्गांमधून तो फारसा सांगितला जात नाही. यथार्थदर्शनातील चूक पट्टीने सिद्ध करता येते. मानवाकृतीतील चूक तशी येत नाही. म्हणून दोहोंची खाती वेगळी ठेवावी लागतात.

यथार्थदर्शनाचे खाते सोपे आहे. समांतर रेषा दूर जाताना जेथे मिळाल्यासारख्या दिसतात तो लोपबिंदू. पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी म्हणजे क्षितिजरेषा. एका सरळ रस्त्यावरील इमारतींचे छज्जे, खिडक्यांच्या चौकटी, पदपथाची कड या सगळ्या रेषा मागे वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत यायला हव्यात. शिकाऊ माणसाने चित्र पूर्ण झाल्यावर लाल पेन्सिलीने आणि पट्टीने या रेषा वाढवून पाहाव्यात. पहिल्या चित्रात त्या तीन-चार ठिकाणी, कधी कागदाबाहेर, कधी आकाशात भेटतात. सहा महिन्यांनी त्या जवळजवळ येतात. हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहिता येते आणि त्याविषयी कोणाशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी मार्गावरच्या सलग कमानी यासाठी उत्तम. ज्या बँक कर्मचाऱ्यांची हयात त्या कमानींखालून डबा घेऊन जाण्यात गेली, त्यांना त्या पहिल्यांदा दिसतात ती अशी रेषा वाढवताना. दिल्लीकरांनी मात्र पहिल्या धड्यासाठी कॅनॉट प्लेसच्या खांबांच्या वाटेला जाऊ नये. ती रांग वर्तुळाकार असल्यामुळे एका लोपबिंदूत काही केल्या येत नाही, आणि दोष निष्कारण हाताला दिला जातो.

रस्त्यावर माणसे आली की दोन्ही विद्या एकत्र येतात, आणि येथेच एक तपासणी फार उपयोगी पडते. चित्र काढणारा सपाट जमिनीवर उभा असेल आणि समोरची माणसे साधारण त्याच्याच उंचीची असतील, तर ती जवळ असोत की दूर, सर्वांची डोळ्यांची पातळी क्षितिजरेषेवरच येते. पाय मात्र दूरच्या माणसाचे वर आणि जवळच्याचे खाली. चित्रकार बाकावर बसलेला असेल तर तीच क्षितिजरेषा सर्व उभ्या माणसांना छातीच्या आसपास, सारख्याच ठिकाणी छेदते. शाळेतील स्मरणचित्रांत बाजारातली दूरची माणसे नुसती लहान करून वर कुठेतरी चिकटवलेली असत, म्हणून ती हवेत तरंगत. ती का तरंगत, याचे उत्तर या एका नियमात आहे. जुनी स्मरणचित्रे कोणाच्या आईने ट्रंकेत जपून ठेवली असतील, तर त्यांवर ही रेषा ओढून पाहण्यासारखी आहे.

म. वि. धुरंधरांसारख्या चित्रकारांनी मुंबईच्या गल्ल्यांतील गर्दी काढली, तिच्यात फकीर, भंडारी, पारशी गृहस्थ, नऊवारीतील स्त्रिया आपापल्या जागी जमिनीवर नीट पाय रोवून उभ्या असतात. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकातील त्यांची चित्रे पाहताना माणसांच्या पोशाखाकडे लक्ष जाते, पण त्यांच्या पायांखालच्या जमिनीकडे पाहावे. धुरंधर १८९० मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले. त्या संस्थेशी जडलेल्या दीर्घ नात्याची हकिकत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि त्याचे नावच मुळी वर्षांची मोजणी सांगते: कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे. अशा संस्थांत विद्यार्थ्याच्या प्रगतीचा हिशेब शिक्षकाच्या डोळ्यात असे. इंदूरला देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले तेव्हाही पाठीमागे उभा राहून पाहणारा एक अनुभवी डोळा होताच. घरी, जेवणाच्या टेबलावर, रात्री नऊनंतर शिकणाऱ्याच्या मागे असा डोळा नसतो. त्याची जागा वहीने घ्यावी लागते.

मानवाकृतीचे खाते अधिक नाजूक आहे. प्रमाणांचा आधार येथेही मिळतो. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट. उभ्या शरीराचा मध्य कमरेवर नसून त्याखाली, जांघेच्या पातळीवर. हात खाली सोडले तर कोपर कमरेपाशी. पसरलेल्या बाहूंची लांबी उंचीइतकी. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात हंस नावाच्या पुरुषाची उंची १०८ अंगुळे सांगितली आहे. बारा अंगुळांचा एक ताल धरला तर नऊ ताल. नऊ आणि साडेसात यांत विरोध वाटतो, पण तो मापाच्या एककाचा फरक आहे. ताल हा चेहऱ्याचा, हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंतचा. दुसऱ्या मोजणीत हनुवटीपासून माथ्यापर्यंतचे अख्खे डोके धरले जाते. यशोधराने कामसूत्रावरील टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली, त्यांत रूपभेदानंतर लगेच प्रमाण येते आणि भाव व लावण्ययोजना त्यानंतर. हा क्रम शिकणाऱ्याला दिलासा देणारा आहे. सुरुवातीच्या वर्षात चित्रात जीव नाही म्हणून कष्टी होणाऱ्याने पाय पुरेसे लांब आहेत की नाहीत एवढेच पाहिले तरी चालते.

पण प्रमाण जुळले म्हणून माणूस उभा राहतो असे नाही. त्यासाठी ओळंबा लागतो. गवंडी भिंतीला लावतो तोच. दोऱ्याला बांधलेली किल्लीही पुरते. उभ्या माणसाने एका पायावर भार दिला असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा समोरून पाहताना त्या भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. भार घेतलेल्या बाजूचे नितंब वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मंदिराच्या भिंतीवरील त्रिभंगात उभी असलेली मूर्ती आणि रेल्वे फलाटावर खांद्याला पिशवी लावून लोकलची वाट पाहणारा कारकून यांच्यात या बाबतीत काहीही फरक नाही. ही तपासणीही चित्रावर लाल रेषेने करता येते. मात्र जे लाल रेषेत सापडत नाही ते शब्दांत लिहावे लागते. पानाच्या समासात दोनच ओळी: डोके मोठे झाले, बसलेल्या माणसाची मांडी समोर येताना आखूड दिसायला हवी होती, तिची लांबी ठाऊक असल्यामुळे ती पूर्ण काढली गेली. हे दुसरे वाक्य ज्याने लिहिले, तो शिकला. दिसते ते न काढता ठाऊक असते ते काढण्याचा दोष आपल्यात कुठे आहे, ते त्याला कळले आहे. पुढे हीच ओळ दहा पानांवर पुन्हा पुन्हा सापडली, तर कशाचा सराव करायचा हे वेगळे विचारावे लागत नाही.

याउलट काही नोंदी ठेवून उपयोग होत नाही. पाने मोजणे ही त्यांतली पहिली. वर्षाला तीनशे पाने भरली, या वाक्यात मेहनत आहे, पण दिशा नाही. तीनशे वेळा एकच चूक गिरवली जाऊ शकते. घरच्यांची वाहवा ही दुसरी. ती प्रेमाने दिलेली असते, म्हणून हिशेबात धरता येत नाही. शेजारच्या खुर्चीवरील बाईंचे चित्र अधिक सुबक आले ही नोंद तर मुळीच ठेवू नये. त्यांनी कदाचित शाळेनंतर रंगपेटी माळ्यावर टाकलीच नसेल. भ्रमणध्वनीवर टिपलेल्या छायाचित्रावरून काढलेली चित्रेही या खात्यात घेताना जपावे. जवळून टिपलेल्या छायाचित्रात पुढे आलेला हात डोक्याएवढा मोठा होतो आणि भिंती कडेला कलतात. ते जसेच्या तसे उतरवले तर ती चूक काढणाऱ्याची की भिंगाची हे कळत नाही. मात्र काढून झालेल्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवायला हरकत नाही. तारीख त्यात आपोआप राहते आणि पाने वाळवीला बळी पडली तरी खाते शिल्लक उरते.

मग काय ठेवावे? एक जागा आणि एक माणूस. घरातील एकच कोपरा, तीच खुर्ची, तेच अंतर, शक्यतो तीच वेळ. दर तीन महिन्यांनी तो पुन्हा काढायचा. माणूसही घरातलाच, वर्तमानपत्र वाचणारे आजोबा सर्वांत उत्तम, कारण ते हलत नाहीत आणि हलले तरी त्याच जागी परत येतात. वर्षात चार पाने एवढाच पसारा. ती शेजारी शेजारी मांडून पाहिली की कोणत्याही प्रमाणपत्राविना उत्तर मिळते. पहिल्या पानातील खुर्चीचे चार पाय चार निरनिराळ्या मजल्यांवर उभे असतात. चौथ्या पानात निदान तीन एका फरशीवर येतात. आजोबांच्या हातातील वर्तमानपत्र पहिल्या पानात पत्र्याचे, चौथ्यात कागदाचे. त्यात एखादी गोष्ट बिघडलेलीही दिसेल. दुसऱ्या तिमाहीतला चेहरा चौथ्यापेक्षा जिवंत होता, असे पुष्कळदा घडते, कारण मोजमापाकडे लक्ष गेले की रेषा काही काळ बिचकते. तीही नोंद प्रामाणिकपणे ठेवली पाहिजे. फायद्याच्याच रकमा दाखवणारे खाते तपासणीत टिकत नाही, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

छंदाला हिशेबाच्या दावणीला बांधू नये, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. आयुष्यभर उद्दिष्टे, तिमाही अहवाल आणि मूल्यांकनाचे तक्ते यांत घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर पुन्हा तिमाही नोंद ठेवायला सांगणे थोडे क्रूरपणाचे वाटते. शिवाय मोजण्याची सवय एकदा लागली की चित्र काढण्यापूर्वीच त्याची किंमत ठरवण्याकडे मन धावते आणि रेषा भित्री होते. या आक्षेपाला उत्तर नोंदीच्या वारंवारितेत आहे. रोज मोजणाऱ्याला रोज निराशाच हाती येईल. मुलाची उंची रोज दाराच्या चौकटीवर खुणा करून पाहिली तर ती वाढतच नाही. उरलेले एकोणनव्वद दिवस माणसाने वाटेल ते, वाटेल तसे काढावे. भाजी मंडईत उभ्या-उभ्या अर्ध्या मिनिटात वळण तेवढे टिपावे, बिघडवावे, रंग सांडावा. त्यावर लाल पेन्सिल फिरवू नये. फक्त फाडू नये आणि कोपऱ्यात तारीख टाकायला विसरू नये. आणि मूल्यांकनाच्या तक्त्याशी या वहीची तुलना करताना एक गोष्ट नजरेआड होते. त्या तक्त्यात शेरा दुसऱ्याचा असे. येथे मोजणारा आणि मोजला जाणारा एकच आहे, आणि वही त्याच्याखेरीज कोणी उघडत नाही.

जपानमधील होकुसाईने १८३४ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, फुजी पर्वताच्या दृश्यांच्या आपल्या पुस्तकाला जोडलेल्या टिपणात स्वतःचा असा हिशेब मांडला होता. सहाव्या वर्षापासून काढतो आहे, सत्तरीपर्यंतचे काही लक्षात घेण्याजोगे नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी प्राणी, पक्षी, मासे यांची घडण थोडीशी कळली, आणि पुढे शंभरी ओलांडेपर्यंत काय काय साधेल याचा अंदाजही त्यात आहे. अतिशयोक्ती आणि विनोद त्यात भरपूर आहे. तो १८४९ पर्यंत जगला आणि काढत राहिला. मात्र सत्तरीपूर्वीचे काम फडताळात होते, म्हणूनच ते तुच्छ ठरवण्याची चैन त्याला करता आली.

व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगच्या वृद्धाश्रमातील एका म्हाताऱ्याला समोर बसवून त्याची रेखाटने केली होती: खुर्चीत बसलेला, दोन्ही मुठींत चेहरा झाकलेला. त्याच वर्षी त्याने या आकृतीचे शिळाछापही केले. १८९० च्या मे महिन्यात, सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना, त्याने तोच म्हातारा तैलरंगात पुन्हा रंगवला. आठ वर्षांच्या अंतराने तीच खुर्ची, तीच शेकोटी, तेच कोपर गुडघ्यांवर. दोन्ही चित्रे नेदरलँड्समधील संग्रहांत आहेत आणि पुस्तकांत ती शेजारी शेजारी छापलेली आढळतात. पुढल्याच महिन्यात, ओव्हेर येथून, त्याने थिओला पत्र लिहून बार्गचे ते कोळशाचे पाठ पुन्हा मागवले. साठही पाने नव्याने काढायची आहेत, महिनाभरात होतील, असा त्याचा अंदाज होता. तोपर्यंत त्याची सूर्यफुले रंगवून झाली होती, तारांकित रात्रही झाली होती. सत्ताविसाव्या वर्षी खाणकामगारांच्या वस्तीत ज्या साठ पानांपासून त्याने सुरुवात केली होती, तीच साठ पाने त्याला सदतिसाव्या वर्षी पुन्हा हवी होती.